न फेकायचे फासे

माझ्या घरात चोवीस फासे आहेत, हे वाक्य लिहिताना हात किंचित थबकला. केंद्र सरकारच्या सेवेतील माणसाने, वर्तणूक नियमांच्या छायेत राहून, अशी कबुली द्यावी की देऊ नये, असा प्रश्न मनात आला. आणि ज्या वाचकांचे आयुष्य नियम, पोटनियम आणि त्यांखालील खुलासे यांत गेले आहे, त्यांना तो प्रश्न पोरकट वाटणार नाही. म्हणून खुलासा आधीच करतो. हे फासे जुगाराचे नाहीत. इतकेच नव्हे, ते फेकायचेही नाहीत.

फासा म्हटला की तो फेकायचा, ही समजूत आपल्या हाडीमाशी खिळलेली आहे. ऋग्वेदातल्या जुगाऱ्याच्या सूक्तात बेहड्याची फळे फासे होऊन येतात. मोहेंजोदडोच्या उत्खननात सापडलेले सहा बाजूंचे घनाकार फासे आजच्या मुलालाही ओळखता येतील. शकुनीने फेकले ते धर्मराजाला भोवले. नळराजाला तर राज्य घालवून बसल्यावर अश्वविद्येच्या मोबदल्यात ऋतुपर्णाकडून अक्षविद्या शिकून घ्यावी लागली. माझ्या आजोळी माडीवर सारीपाटाचे एक मळकट कापड होते. त्याचे लांबट फासे केव्हाच हरवले होते, आणि दिवाळीच्या सुटीत आम्ही मुले कवड्यांवर काम भागवीत असू. पण फासा असो की कवडी, हातातून सुटली की आपला अंमल संपला, एवढे तेव्हाच कळले होते.

कोलकात्यास माझी नेमणूक होऊन पाच वर्षे होत आली. शेजारच्या टेबलावर एक वयस्क बंगाली गृहस्थ बसतात. सारे कार्यालय त्यांना दादा म्हणते, म्हणून मीही म्हणतो. जावक नोंदवहीत त्यांच्या हातची नोंद पाहिली म्हणजे हा मनुष्य घरी काय करीत असेल याची कल्पना येणार नाही. दादा घरी सैन्य बाळगून आहेत. जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढे, प्लास्टिकचे, स्वतः रंगविलेले सैनिक. दरवर्षी पूजेच्या सुमारास बोनस हाती आला की ते एक नवी पेटी मागवतात. ज्या वर्षी मी त्यांच्याकडे प्रथम गेलो, त्या वर्षी तो बोनस ६,९०८ रुपये होता, आणि त्यातून एक जर्मन तोफ आली होती. वहिनींनी ती मला चहाबरोबर दाखविली. त्यांच्या मुद्रेवर नेमके काय होते ते सांगणे कठीण आहे.

या सैन्याने जो खेळ खेळायचा त्याचे नाव बोल्ट ॲक्शन. रिक प्रीस्टली आणि अलेसिओ कावातोरे यांनी त्याचे नियम रचले, आणि इंग्लंडातील ऑस्प्रे या प्रकाशनसंस्थेने वॉरलॉर्ड गेम्स या कंपनीच्या साथीने २०१२ मध्ये ते प्रथम छापले. विषय दुसऱ्या महायुद्धाचा. जेवणाच्या टेबलावर कापड अंथरायचे, पुस्तके रचून टेकड्या करायच्या, आणि फूटपट्टीने अंतरे मोजत तुकड्या हलवायच्या. बुद्धिबळात एकदा तुम्ही, एकदा मी, असा शिष्टाचार असतो. येथे तो नाही. दोन्ही पक्षांच्या प्रत्येक तुकडीमागे एक, असे सारे फासे एका पिशवीत घालतात. न बघता हात घालून एक बाहेर काढायचा. तो ज्याच्या पक्षाचा, त्याची पाळी. लागोपाठ तीन तुमचे निघाले तर तीन वेळा तुम्ही, आणि समोरच्याने हात चोळीत बसायचे.

आणि मग त्या काढलेल्या फाशाचे करायचे काय? तर तो तुकडीच्या शेजारी ठेवायचा. त्याच्या सहा बाजूंवर ठिपके नसतात. सहा आज्ञा असतात. जागेवरून गोळीबार करा, पुढे सरका आणि मारा, धावा, दबा धरा, सावरा, जमिनीला चिकटा. यांपैकी जी आज्ञा द्यायची ती बाजू वर करून फासा ठेवला की आज्ञा जारी झाली. म्हणजे दैव काय ते पिशवीच्या तोंडाशी संपले. पुढचे सारे तुमच्या अकलेवर.

हे ऐकून मी खुर्चीत सरसावून बसलो. लिपिकाचा जन्म दुसऱ्यांचे आदेश टंकित करण्यात जातो. आदेशाला वजन असते, आकार असतो, तो चिमटीत धरून टेबलावर ठेवता येतो, हे मला नवे होते. त्यातही खोच होती. शत्रूच्या माऱ्याखाली सापडलेल्या तुकडीला आज्ञा दिली म्हणजे ती पाळली गेलीच असे नाही. त्यासाठी दोन साधे फासे टाकून तिच्या मनोधैर्याची परीक्षा घ्यावी लागते. साध्या तुकडीचे धैर्य नऊ, मुरलेलीचे दहा. माऱ्याच्या प्रत्येक खुणेने त्यातला एक वजा होतो. बेरीज त्यापेक्षा जास्त पडली तर तुकडी आज्ञा बाजूला ठेवून सरळ आडवी होते. परिपत्रकांचे खेड्यापाड्यांतल्या शाखांत काय होते ते ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हा नियम समजावून सांगावा लागणार नाही. आणखी एक नियम मात्र पहिल्या दिवशी जिवाला लागला. फेरी संपली की फासे पुन्हा पिशवीत जातात. पण जी तुकडी नष्ट झाली, तिचा फासा परत जात नाही. तो टेबलाच्या कडेला राहतो, आणि पिशवी हलकी होत जाते.

मराठा म्हणजे बंगाल्यांच्या अंगाईगीतातला बर्गी. १७४२ मध्ये आमच्या भयाने कोलकातेकरांनी खंदक खणावयास घेतला होता, हे दादांनी मला पहिल्याच महिन्यात ऐकविले होते. पण मनुष्य उदार. माझ्यासाठी त्यांनी लढाई निवडली ती इटलीतील सेनिओ नदीची. ९ एप्रिल १९४५ रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीने ती ओलांडली. तेथे नामदेव जाधव या शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तो कंपनीचा निरोप्या होता. निरोप पोचविणे हे त्याचे काम. जखमींना पाण्यातून पाठीवर वाहून आणल्यावर त्याने शत्रूच्या तीन मशीनगन बंद पाडल्या. निळ्या कापडाची ती नदी माझ्या जेवणाच्या टेबलावर वाहू लागली. दादा जर्मन, मी मराठा, आणि पिशवी धरण्यासाठी निःपक्षपाती तिसरा म्हणून माझा आठ वर्षांचा चिरंजीव.

या चिरंजीवाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत. आम्ही येथे आलो तेव्हा तो तीन वर्षांचा होता. शाळेत दुसरी भाषा म्हणून त्याने बंगाली घेतली, कारण त्याच्या मित्रांनी घेतली. घरी तो मराठी बोलतो. परंतु तहान लागली की, “आई, मला पाणी खायचंय,” म्हणतो, कारण बंगाल्यात पाणी खातात. एवढे चालेल. पण त्याला आपली लिपी येईना. साताऱ्याहून माझी आई मेतकूट, कुळथाचे पीठ असे काही पाठविते, आणि प्रत्येक पुडक्यात नातवाच्या नावे चार ओळींची चिठ्ठी असते. तो ती उघडून माझ्या हाती देई आणि म्हणे, “बाबा, वाचून दाखवा.” मी अंकलिपी आणली, पाटी आणली, सुटीच्या सकाळी समोर बसविले. ‘ग’ गमभनातला, या पलीकडे गाडी गेली नाही. एके दिवशी त्याने अंकलिपीवर पाय ठेवून खिडकीचा पडदा काढला, तेव्हा मी नाद सोडला. बाहेर नेमणुकीवर असलेल्या घरांत असे पडदे पुष्कळ निघत असतील. त्यावर कोणी फारसे बोलत नाही इतकेच.

दादांजवळ विकतचे फासे होते, एकाच रंगाचे बारा. दुसऱ्या पक्षासाठी आम्ही सहा फाशांवर लाल नखरंग लावला होता, आणि तो टवके होऊन उडत होता. आणखी एक पाकीट मागवता आले असते. परंतु मला एक हौस सुचली. सेनिओच्या काठावर मराठ्यांनी इंग्रजी फासे का म्हणून पाहावेत? स्वतःच्या खेळाला स्वतःचे फासे करवून घेण्याची रीत जुनी आहे. प्रशियाच्या फॉन राइसविट्झ नामक लेफ्टनंटाने १८२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी नकाशावरचा युद्धखेळ पुढे आणला, तेव्हा बाजारचे फासे न घेता त्याने खास फासे तयार करविले. त्यांच्या बाजूंवर लढाईतल्या हानीचे आकडे होते. उलट एच. जी. वेल्सने १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ लिहिले त्यात फाशांना थाराच दिला नाही. तो स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने शिशाचे शिपाई प्रत्यक्ष पाडीत असे. मला राइसविट्झ जवळचा वाटला. तोही कचेरीतला मनुष्य असावा असा उगीचच भास झाला.

शब्द ठरविण्यात दोन संध्याकाळी गेल्या. मारा, चाल, धाव, दबा, सावर. इथपर्यंत सारे सुरळीत. ‘चाल’ या शब्दावर मी विशेष खूष होतो. बखरीत फौजा चाल करूनच जातात. सहाव्या आज्ञेस मी ‘दडी’ म्हटले, तर पत्नीने दाखवून दिले की पाऊण इंचाच्या बाजूवर पहिले अक्षरच बसणार, आणि ‘द’ तर दब्याने आधीच अडविला आहे. शेवटी ‘पालथे’ ठरले. मा, चा, धा, द, सा, पा. दादांची हरकत नव्हती. हिंदीच्या प्राज्ञ परीक्षेपुरती नागरी त्यांना येतेच. फासे चोवीस, साऱ्यांचे लाकूड एक, माप एक, कडांची गोलाईही एक. याविषयी दादांचा फार कटाक्ष. जुगाराच्या अड्ड्यावर फाशाचे वजन तोलतात, कारण तो घरंगळायचा असतो; आमचा घरंगळणार नाही, तेव्हा एक बाजू गुंजभर जड असली तरी बिघडत नाही. पण तो अंधारात हाताला लागणार आहे. कोणता कोणाचा ते बोटांना कळता कामा नये. रंग डोळ्यांसाठी, बोटांना सारे सारखे.

कारागीर मिळाला रवींद्र सरणीवर, नूतन बाजारात. तेथे संदेशाचे साचे मिळतात. मासा, शंख, आंबा, फुलपाखरू असे लाकडात खोल कोरलेले असते. छेना त्यात दाबला की मिठाईवर ते उठून येते. बंगाल्यात संदेश म्हणजे बातमीही आणि मिठाईही. आज्ञांचे फासे संदेशवाल्याकडून करवून घेण्यातले औचित्य मला इतके रुचले की मी कामाच्या तपशिलाकडे पुरेसे लक्ष दिले नाही. कागदावर सहा अक्षरे मोठी काढून दिली. वृद्ध कारागिराने चष्मा कपाळावर सरकवून विचारले, “कीशेर छाँच?” साचा कशाचा? माझ्या बंगालीची धाव बाजारहाटापुरती. साचा नव्हे, या लाकडावर या अक्षरांची छाप हवी, असे मला सांगायचे होते. मी म्हणालो, “छाप चाई.” त्याने मान डोलावली. नमुन्यादाखल बारा आधी करतो म्हणाला.

पंधरा दिवसांनी बारा फासे हाती आले. शिसवी, काळसर, तुळतुळीत, कडा चिंचोक्यासारख्या मऊ. आणि त्यांवरची बहात्तरच्या बहात्तर अक्षरे उलटी! आरशात दिसावीत तशी. काना अक्षराच्या आधीच येऊन उभा. जणू साहेबांच्या अगोदर पट्टेवाला. छाप हवी म्हटल्यावर ज्याचा हात चाळीस वर्षे उलटेच कोरीत आला, त्याने दुसरे काय करावे? मसुदा संदिग्ध होता, आणि मसुदा माझा होता. कचेरीत याच चुकीसाठी मी कनिष्ठांना कागद परत केले आहेत. कारागिराने माझ्या चेहऱ्याकडे पाहिले, एक फासा उचलला, शेजारच्या दुकानातून मागवलेल्या संदेशाच्या तुकड्यावर दाबला, आणि माझ्यापुढे धरला. पांढऱ्या छेन्यावर सुबक, सुलटे ‘सा’ उमटले होते. मी ते खाल्ले आणि मजुरी चुकती केली. उरलेले बारा सुलटे करावयास सांगितले, या खेपेस खुणांनी.

घरी येताना ट्रेनमध्ये उमगले की रंग लावायची गरजच उरली नाही. सुलटे एका पक्षाचे, उलटे दुसऱ्याचे. पाहुणा म्हणून सुलटे दादांना दिले. माझ्या चुकीचे धनी माझे मराठे झाले. चिरंजीवांनी मात्र उलटे बारा पहिल्याच संध्याकाळी आईच्या कणकेत दाबून पाहिले. त्या रात्रीच्या निम्म्या पोळ्यांवर ‘मा’ आणि ‘धा’ पुसट दिसत होते.

पुढचे काही महिने मी नियमितपणे हरत होतो. मग एकाएकी जिंकू लागलो. लागोपाठ तीन रविवार सेनिओ ओलांडली गेली. ज्या क्षणी मला पाळी हवी, त्या क्षणी पिशवीतून उलटा फासा निघे. दादा पाइपची नळी नुसतीच चावीत बसत; तंबाखू त्यांनी सोडली आहे. मी याचे श्रेय माझ्या डावपेचांना देत होतो, हे कबूल केले पाहिजे.

तिसऱ्या रविवारी दादा गेल्यावर सैनिक पेटीत भरताना माझी नजर मुलाकडे गेली. पिशवी मांडीवर, हात आत, डोळे छताकडे. “उलटा,” तो पुटपुटला, आणि उलटा काढला. “सुलटा,” आणि सुलटा निघाला. असे पाच वेळा. मी जवळ गेलो तेव्हा त्याने लपविले नाही. लपविण्यासारखे त्याला त्यात काही वाटतच नव्हते.

“कसं कळतं तुला?”

“सोपं आहे. आधी वरची रेघ शोधायची. ती वर धरायची. मग दोन काठ्या कुठे आहेत ते बघायचं. उजवीकडे असल्या तर दादाकाकांचा. डावीकडे असल्या तर आपला.”

मी फासा हातात घेऊन डोळे मिटले आणि अंगठा फिरविला. खरेच की! शिरोरेषा सापडल्यावाचून उलटे काय नि सुलटे काय, कळणारच नाही. आणि ती सापडली की अक्षराचा दंड आणि त्याचा काना या दोन समांतर चरांवरून सारे उघड होते. “आणि कोणतं अक्षर आहे तेही कळतं?” त्याने एक फासा मुठीत फिरवीत सांगितले, “हा ‘पा’ आहे. पोट रिकामं आहे. ‘मा’ला खाली गाठ असते. ‘सा’चा पाय लांब. ‘धा’चं डोकं फुटलेलं.” मग थोडे थांबून, “‘द’ नाही कळत. त्याला काठीच नाही. तो आला की मी दुसरी बाजू बघतो.”

“पण हे करायचं कशाला?”

“तुम्ही सारखे हरत होतात.”

यावर बापाने काय बोलायचे असते? पिशवीचा आंधळेपणा हाच त्या खेळाचा धर्म, हे मी त्याला सांगितले. दादाकाकांचे तीन रविवार आपण चोरले, हेही सांगितले. ते त्याला पटले, कारण त्याचा चेहरा उतरला. परंतु सांगत असता माझा स्वर मला हवा तितका कठोर होत नव्हता. जे मूल पाटीपुढे जांभया देत होते, त्याने अंधारात, अंगठ्याने, दोन्ही बाजूंनी लिपी वाचावी! त्या आठवड्यात साताऱ्याहून पुडके आले. चिठ्ठी नेहमीप्रमाणे माझ्या हाती न देता तो ती जमिनीवर पसरून बसला, आणि आईच्या बॉलपेनने उमटलेल्या ओळींवर अंगठा फिरवू लागला. “बाबा, इथे ‘सा’ आहे. इथे पण. ही आजी ‘सा’ फार वापरते.” साखर, साय, सातारा; चिठ्ठीत सायच होती.

उपाय मला ठाऊक होता. कोरलेल्या चरांत लाख भरून ती घासून सपाट करायची. डोळ्यांना अक्षर दिसेल, बोटांना काही लागणार नाही. लाखेशी लिपिकाची ओळख जुनी. गोपनीय लिफाफ्यांवर मी पुष्कळ वितळविली आहे. बाजारातून लाल लाखेची एक कांडी विकत आणली, आणि ती खणात फाशांच्या शेजारी ठेवली. तीन दिवस ती तेथेच होती. चौथ्या दिवशीही होती.

शेवटी सोमवारी उपाहाराच्या सुटीत दादांना सारे सांगितले. ते काही वेळ बोलले नाहीत. तीन पराभव मनुष्य सहज विसरत नाही. त्यांत त्यांची ती बोनसची तोफ दोनदा गेली होती. मग त्यांनी विचारले, “कोणतं अक्षर त्याला अजून येत नाही म्हणालास?”

“‘द’.”

“लाख भरायचीच,” दादा म्हणाले. “खेळ म्हणजे खेळ. पण ‘द’ येईस्तोवर थांबू. तोवर पिशवीत हात मी घालीन.”

परवाच्या रविवारी त्याप्रमाणे झाले. चिरंजीव शहाण्यासारखे दूर बसले होते. दादांनी पिशवी घेतली, हात घातला, आणि डोळे मिटले. बराच वेळ हात बाहेर येईना. कापडाखालून त्यांचा अंगठा सावकाश हलताना मला दिसत होता, मुलालाही दिसत होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले आणि गप्प राहिलो. अखेर त्यांनी फासा काढून दिव्याखाली धरला. उलटा होता.